सुबान्याचा कडेलोट

"सिनेमा नको," हुक्केरी मास्तर म्हणाले आणि पुन्हा शेंगा फोडायला लागले.

त्यांच्या पडवीत दोन लोखंडी खुर्च्यांवर मी आणि माझा लहानपणचा दोस्त दस्तगीर. माझ्या मांडीवर करारपत्राच्या तीन प्रती, सहीच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या. दिवस शुक्रवार, सकाळचे अकरा. शनिवारी संध्याकाळपर्यंत या म्हाताऱ्याची सही पुण्यात पोचली नाही तर निर्माता विषय बंद करणार होता आणि मी परत यंत्रमागावर जाणार होतो. परत तरी कुठला, माझे माग मालकानं केव्हाच दुसऱ्याला दिले होते.

"मास्तर, का नको तेवढं तरी सांगा," दस्तगीर म्हणाला. "इचलकरंजीहून गडहिंग्लजपर्यंत रिकामा टेंपो घेऊन आलोय."

"मग जाताना शेंगा न्या भरून."

ज्यांना 'हलकारा जोत्या' माहीत नाही त्यांना एवढं सांगतो. आमच्या लहानपणी, एक्क्याऐंशी ते चौऱ्याऐंशी, दर महिन्याला ते बत्तीस पानी चित्रांचं पुस्तक यायचं. जोत्या म्हणजे गडागडावरचं टपाल पोचवणारा हलकारा. खांद्यावर थैली, हातात घुंगरं बांधलेली काठी, आणि बरोबर जोडीदार सुबान्या. चित्रं हुक्केरी मास्तरांची, गोष्टही त्यांचीच. शाळेत चित्रकला शिकवून उरलेल्या वेळात ते हे काढायचे. पस्तिसाव्या अंकात सुबान्या फितूर झाला, त्यानं टपालाची थैली शत्रूच्या हातात दिली. छत्तिसाव्यात त्याचा कडेलोट झाला. त्यानंतर जोत्या आलाच नाही. पुढं प्रकाशक वारला, छापखाना मोडला, हक्क मास्तरांकडे राहिले.

आता आम्ही चाळिशीला टेकलो होतो, तरी जोत्याचं वेड उतरलं नव्हतं. फेसबुकवर 'जोत्या मंडळ' मी काढलं, त्यात नऊ हजार माणसं. सिनेमाचा टीझर आला त्या दिवशी अर्धं मंडळ कामावर गेलं नसेल. चाळीस सेकंद. कडा, धुकं, घुंगरांचा आवाज, आणि सुबान्या पाठमोरा खाली जातो. एकानं दंडावर जोत्याची काठी गोंदवून घेतली. दस्तगीरनं टेंपोच्या मागच्या फळीवर अख्खा जोत्या रंगवून घेतला. टीझरच्या शेवटच्या पाटीवर अक्षरं होती, संवाद: निवृत्ती कोष्टी.

निवृत्ती कोष्टी म्हणजे मी. आठवी नापास. बावीस वर्षं माग चालवला आणि त्या खडखडाटात उभा राहून लिहिलं. चार प्रकाशकांनी माझ्या चार कादंबऱ्या परत पाठवल्या, त्यातल्या एकानं तर पाकीटसुद्धा फोडलं नव्हतं. निर्माता मोहोळकर हा पहिला माणूस, ज्यानं माझं लिहिलेलं वाचून मला फोन केला. म्हणाला, संवाद तुमचेच. फक्त त्या म्हाताऱ्याची सही तेवढी आणा, आम्हाला तो दारात उभं करत नाही. मी त्याच दिवशी काम सोडलं.

मास्तरांची मुलगी कमळाताई चहा घेऊन आली. निवृत्त नर्स, आवाजात अजून वॉर्ड.

"आणखी दोन भगत का," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात पुण्याचे आले होते गॉगल लावून. बाबांनी त्यांना पपईला पाणी घालायला लावलं."

"घातलं काय?" दस्तगीरनं विचारलं.

"घातलं. पण सही नाही मिळाली."

मला त्या चहाचाही राग आला. मी म्हणालो, "मास्तर, तुमचं वय एक्क्याऐंशी. तुम्ही आज ना उद्या जाणार. जोत्याला काय बरोबर नेणार आहात? नऊ हजार माणसं तीस वर्षं वाट बघतायत. तुमच्या एका सहीवर माझं अख्खं जगणं अडलंय. तुम्हाला नको एवढंच कळतं, पण का ते सांगता येत नाही."

"तोंड सांभाळून बोला," कमळाताई म्हणाली.

"बोलू दे गं. पुण्याचे नुसतं गोड बोलत होते." मास्तरांनी हातावरची टरफलं झटकली. "तुमचा तो टीझर कमळानं दाखवला मला. त्याच्या खाली लोकांनी काय काय लिहिलंय तेही वाचून दाखवलं. 'असा आपटू दे की आवाज आला पाहिजे.' 'टाळकं फुटताना जवळून दाखवा.' शिकलेली माणसं दिसत होती. हे मी एकदा वाचलंय. परत वाचायची ताकद नाही माझ्यात."

"एकदा म्हणजे कधी?" दस्तगीर म्हणाला.

मास्तर आत गेले आणि कॅनव्हासची एक पिशवी ओढत बाहेर आले. ती पोस्टकार्डांनी भरलेली होती.

मला ती पिशवी बघायची नव्हती.

"पस्तिसाव्या अंकाच्या शेवटच्या पानावर प्रकाशकानं मला न विचारता चौकट टाकली," मास्तर म्हणाले. "बालदोस्तांनो, सुबान्याला माफी की कडेलोट? कार्डावर कळवा. मी भांडलो. माझा पुढचा अंक काढून तयार होता, माफीचा. सुबान्यानं थैली का दिली, तेही त्यात होतं. प्रकाशक म्हणाला, मास्तर, घाबरता कशाला, पोरं आहेत, माफच करणार. मलाही तसंच वाटलं. मी पोरांतच राहत होतो की."

"मग?"

"कडेलोट चारशे सतरा. माफी तीनशे एकोणनव्वद. अठ्ठावीस कार्डांनी माणूस मेला." त्यांनी पिशवीतून नाडीनं बांधलेला एक गठ्ठा वेगळा काढला. "बाकीच्या कार्डांचं मी मनाला लावून घेतलं नाही. पोर एकटं बसलं की काहीही लिहितं. पण ही तेहतीस बघा. एकाच गल्लीतली. अक्षरं वेगवेगळी आहेत, पण प्रत्येक कार्डावर पेन्सिलीनं रेघा आखल्यात, सारख्या अंतरावर. म्हणजे तेहतीस पोरं एका ठिकाणी बसली, एकानं पट्टी धरली, आणि सगळ्यांनी मिळून एका माणसाला मारायचं ठरवलं. तेहतीसपैकी एकालाही दया आली नाही. त्यानंतर वर्गात फळ्यावर चित्र काढायला पोरांकडं पाठ केली की माझा हात थांबायचा. तुम्ही हसाल."

आम्ही हसलो नाही.

त्या रेघा मी लांबूनच ओळखल्या होत्या. माझ्या पट्टीचा कोपरा तुटलेला होता, त्यामुळे प्रत्येक रेघ शेवटाला जराशी खाली उतरायची.

मास्तरांनी वरचं कार्ड चष्म्याजवळ धरून वाचलं. "'सुबान्याला असा ढकला की त्याच्या घरापर्यंत आवाज गेला पाहिजे. मग त्याच्या घरातली माणसं रडताना काढा. आपला, दस्तगीर इस्माईल मुजावर, वय अकरा.'"

दस्तगीरनं कप खाली ठेवला. "बघू."

कार्ड हातात घेऊन त्यानं दोन्ही बाजूंनी बघितलं.

"हे मी लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"नाव आहे तुमचं."

"नाव माझं हाय. पण मी माफी सांगितली होती." माझ्याकडं न बघता तो बोलत होता. "मला कुठं धड लिहाय येत होतं, मास्तर. गल्लीत कुणालाच येत नव्हतं. आम्ही कोरी कार्डं ह्याच्याकडं दिली आणि काय लिहायचं ते तोंडानं सांगितलं. ह्याचं अक्षर चांगलं, म्हणून." त्यानं गठ्ठ्याची नाडी सोडली. "हा बंड्या हेरवाडे, ह्यानं माफी सांगितली होती. ही शकीला, माझी बहीण, तिनं पण. हा बाबू लाटकर. ह्यानं पण. सगळ्यांनी माफीच सांगितली होती. एकूण एक."

"सगळ्यांनी? ते कसं शक्य आहे?" मास्तर म्हणाले.

"ठरवलं होतं आम्ही."

"का?"

दस्तगीरनं खांदे उडवले. "ह्याच्या आप्पासाठी."

मग त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मला सांगावंच लागलं.

त्या वर्षी मागांचा मोठा संप झाला होता. पहिला महिना आप्पा, माझा बाप, सगळ्यांच्या पुढं होता, चौकात घोषणा द्यायचा. चाळिसाव्या दिवशी तो मागच्या दारानं कारखान्यात शिरला आणि त्यानं माग सुरू केला. का केला ते मला आजही माहीत नाही. कोण म्हणायचं मालकानं धाक घातला, कोण म्हणायचं जॉबरची, म्हणजे मुकादमाची, जागा देतो म्हणाला. मी विचारलं नाही. आमच्या दाराला कुणीतरी शेण फासलं. आई पाण्याला गेली की नळावरच्या बायका बाजूला सरायच्या. आणि त्याच महिन्यात पस्तिसावा अंक आला. पोरं आप्पाला सुबान्या म्हणायला लागली.

"पहिल्यांदा मीच म्हटलं होतं," दस्तगीर म्हणाला. "मग हा आठ दिवस खेळायला बाहेर आला नाही. मग मलाच कसंतरी झालं. सगळ्यांना गोळा केलं, म्हटलं, ह्याच्याकडं कार्ड देताना सगळ्यांनी माफी सांगायची. का ते बोलायचं नाही. आपोआप कळंल त्याला."

"मला नाही कळलं," मी म्हणालो. "पहिल्यानं माफी सांगितलं तेव्हा काही वाटलं नाही. दहाव्यानं सांगितलं तेव्हा कळलं की ह्यांचं आधीच ठरलंय. मला वाटलं, मला हसायला ठरवलंय. प्रत्येकजण दारात यायचा, माझ्या हातात कार्ड द्यायचा आणि आत आप्पाकडं बघत म्हणायचा, माफी लिही. तेहतीस वेळा. मला वाटलं तेहतीस जण येऊन आमच्या उंबऱ्यावर थुंकून गेले. मी दार लावलं आणि सगळ्यांच्या नावानं कडेलोट लिहिला. डाव्या हातानं लिहिला, उजव्या हातानं लिहिला, शाई बदलून लिहिला."

कमळाताई कपबशा उचलायच्या विसरून उभी होती. मास्तर गठ्ठा चाळत होते. त्यांनी सगळी कार्डं उलटून नावं बघितली.

"ह्यात निवृत्ती कोष्टी कुठं आहे?"

"नाही."

"तुझं कार्ड?" मास्तर आता मला अरे-तुरे करायला लागले होते, वर्गातल्यासारखं.

"मी टाकलं नाही."

"का रे?"

"लिहायला बसलो तेव्हा आप्पा समोर जेवत होता. त्याला वाचता येत नव्हतं. तरी त्याच्यासमोर माझं नाव घालून नाही लिहिता आलं."

मास्तरांनी गठ्ठ्याला परत नाडी बांधली. मला वाटलं आता रडतील, सही करतील, पोरं निर्दय नव्हती म्हणून माझे आभारही मानतील. हो, असं वाटलं मला. एवढं सगळं सांगून झाल्यावरही माझं अर्धं डोकं करारपत्रावरच होतं. मी काही तिथं पाप धुवायला गेलो नव्हतो.

"कमळे, कोरं कार्ड आहे का बघ घरात," मास्तर म्हणाले.

कार्ड आलं. त्यांनी ते करारपत्रावर ठेवलं.

"तुझं मत राहिलंय. आज टाक. स्वतःच्या नावानं. कडेलोट लिहिलास तर मी तिन्ही प्रतींवर आहे तशा सह्या करतो, घेऊन जा, सिनेमा करा, मी परत तोंड उघडणार नाही. माफी लिहिलीस तरी सही करतो. पण वर एक ओळ घालणार, सुबान्याचा कडेलोट दाखवायचा नाही."

"मास्तर, हा पोरखेळ झाला."

"तेव्हाही पोरखेळच होता."

मी अंगणात जाऊन मोहोळकरला फोन लावला. कडेलोट काढता येईल का, एवढंच विचारलं.

"कोष्टी, टीझर कशावर आहे?" तो म्हणाला. "पोस्टर कशावर आहे? लोक कशाची वाट बघतायत? मी थिएटरात लोकांना काय दाखवू, समजूत घातलेली?"

"म्हातारा ऐकत नाही."

"म्हणजे कडेलोट लिहिलं की सही देतोय ना? मग लिहा. एक शब्द आहे. तुम्ही लेखक आहात."

दस्तगीर टेंपोला टेकून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"लिही," तो म्हणाला.

"काय लिही?"

"कडेलोट."

मी त्याच्याकडं बघत राहिलो.

"बघतोस काय. मला सिनेमा बघायचाय. पोरीला सांगून ठेवलंय, तुझ्या चाचाचं नाव पडद्यावर येणार हाय म्हणून. आणि सुबान्या तर मेलाच की तेव्हा. आता माफी लिहून तू कुणाला वर काढणार हायस? तेहतीस लिहिलीस लेका न विचारता. चौतिसावं लिहायला तुझा हात मोडला काय?"

त्याचं बरोबर होतं. त्याच्या बोलण्यात मला आजही चूक सापडत नाही.

मी पडवीत येऊन बसलो. कार्ड मांडीवर घेतलं. पत्ता आधी लिहिला, मास्तरांचाच, दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या माणसाचा. मग खाली माझं नाव लिहिलं, निवृत्ती धोंडीबा कोष्टी. मधली जागा कोरी.

आप्पाला जोत्या दर महिन्याला मीच वाचून दाखवायचो. चित्रावर बोट ठेवून तो ऐकायचा. छत्तिसावा अंक आला तेव्हाही त्यानंच मागितला. मी वाचला, मोठ्यानं, एक शब्द न गाळता. कड्याच्या पानावर त्यानं बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्याला पोरंबाळं होती काय रे?"

मी म्हटलं, "नव्हती."

"मग बरं झालं," आप्पा म्हणाला.

त्यानंतर तो पंधरा वर्षं जगला. मला काही वाचून दाखव असं परत कधी म्हणाला नाही.

पडवीत ऊन आलं होतं. दस्तगीर दोनदा येऊन बघून गेला. कमळाताईनं शेंगांचं सूप आत नेलं. मला टीझरच्या त्या पाटीवरची माझ्या नावाची अक्षरं दिसत होती, आणि बंद कारखान्यातल्या कापसाच्या धुळीचा वास येत होता. मी पेन टेकवला आणि माफी लिहिलं. मोठा माणूस झालो म्हणून नव्हे. लिहिल्याक्षणी पश्चात्ताप झाला, कार्ड फाडावंसं वाटलं. पण मास्तरांनी ते माझ्या हातातून घेतलं होतं.

त्यांनी वाचलं. पिशवीत टाकलं. मग तिन्ही प्रतींवर वरची ओळ स्वतःच्या हातानं लिहिली आणि फुल्यांच्या जागी सही केली, सुंदर, वळणदार.

"एक विचारू?" मी म्हणालो. "सुबान्यानं थैली का दिली होती?"

मास्तर विचारात पडले. पेनाचं टोपण लावायला त्यांना वेळ लागला.

"तो अंक मी तेव्हाच फाडला," ते म्हणाले. "कारण काहीतरी चांगलं होतं. पटण्यासारखं. पण आता आठवत नाही बघ."

"थोडंसुद्धा नाही?"

"नाही रे. लक्षात ठेवावं असं कुणी विचारलंच नाही."

परतीच्या वाटेवर दस्तगीरनं टेंपो कुठं चहालाही थांबवला नाही. माझ्या घरासमोर टेंपो थांबवून फक्त गिअर न्यूट्रलला टाकला आणि मी उतरायची वाट बघत राहिला.

शनिवारी पुण्यात मोहोळकरनं वरची ओळ वाचली आणि कागद परत दिले. शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "चुकून तुमच्यात लेखक दिसला मला," एवढंच म्हणाला. सोमवारी टीझर काढून टाकला गेला. मंगळवारी कुणीतरी मंडळावर सगळी हकिगत टाकली, मी म्हाताऱ्याशी संगनमत करून सिनेमा बुडवला अशी. बुधवारी मला फितूर म्हणणाऱ्यांची रांग लागली. मी एकालाही उत्तर दिलं नाही. काय देणार? ज्याला तीस वर्षं वाट बघायला लावली त्याला काय सांगणार, की माझ्या बापाला वाचता येत नव्हतं?

गुरुवारी त्यांनी मंडळावरच मतदान ठेवलं. निवृत्ती कोष्टीला काढा किंवा राहू द्या. मंडळ मी काढलेलं. रात्रीपर्यंत तीन हजारांच्या वर मतं पडली आणि मी बाहेर.

शुक्रवारी सकाळी दारात टेंपोचा हॉर्न वाजला. दस्तगीर होता. मागच्या फळीवरचा जोत्या त्यानं निळ्या रंगानं बुजवून टाकला होता, रंग अजून ओला होता. टेंपोत सुताचे बीम, मागावर चढवायचे जाडजूड रूळ, एकावर एक रचलेले.

"मी 'काढा'चं मत टाकलंय," तो खिडकीतून म्हणाला. "दुसऱ्याकडनं कळायच्या आत सांगावं म्हटलं."

"बरं."

"बरं काय? राग आला काय?"

"नाही."

"येऊ दे की. मला तर आलाय. लई आलाय." त्यानं बोटाला लागलेला निळा रंग पँटला पुसला. "तेव्हा माझं तू टाकलंस. ह्या वेळी माझं मी टाकलं."

त्यानं आतून पलीकडचं दार ढकलून उघडलं.

"बस आता. बीम उतरवायला माणूस कमी हाय."